घोडी ठीक, हात कमी

इम्तियाजभाईंच्या चार शब्दांना पुण्याच्या रेसकोर्सवर जो मान होता, तो भल्याभल्या संपादकांच्या अग्रलेखांना मिळत नाही. आणि हे इम्तियाजभाईंना पक्कं ठाऊक होतं, हीच खरी पंचाईत होती.

काम तसं साधं. रेसचा हंगाम सुरू झाला की रोज पहाटे खडकीहून स्कूटर काढायची, साडेपाचला रेसकोर्सवर यायचं, कठड्याजवळच्या ठरलेल्या कट्ट्यावर चढायचं आणि सरावाला आलेल्या प्रत्येक घोड्याचे शेवटचे सहाशे मीटर घड्याळ लावून मोजायचे. हे आकडे मंगळवारी आणि गुरुवारी निघणाऱ्या ‘टाप’ नावाच्या पत्रात छापून येत. आकड्यापुढे इम्तियाजभाईंचा शेरा असे. शेरा चार शब्दांचा. ‘दमदार, पण डोक्याने वेडा.’ ‘पोट सुटलंय, मालकासारखंच थोडं.’ लोक आकडा नंतर बघत, शेरा आधी वाचत आणि चहाच्या टपरीवर तो एकमेकांना ऐकवत. ज्या घोड्याला चांगला शेरा मिळे, त्याचा भाव दुपारपर्यंत बदललेला असे.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. केसभर कमी-जास्त झालेला भाग बाजूला काढायचा, एवढंच काम. निवृत्त झाले तरी ती सवय अंगात मुरलेली होती. भाजीवाल्याच्या तराजूपासून बायकोच्या पोळीच्या गोलाईपर्यंत कशातही त्यांना चूक दिसे. फक्त स्वतःची चूक कधी दिसली नव्हती. चौतीस वर्षांत ‘टाप’मध्ये त्यांच्या आकड्याची दुरुस्ती एकदाही आली नव्हती, आणि हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत.

डर्बीच्या आधीच्या रविवारी मैदानावर गुडघाभर चिखल होता. रात्रभर पाऊस लागलेला, उजेड धड फुटलेला नाही, आणि समोरून येणारा प्रत्येक घोडा एकाच मातकट रंगाचा. अशा सकाळी बाकीचे घड्याळवाले दुर्बिणी पुसत बसतात. इम्तियाजभाई दुर्बीण वापरतच नसत. घोडा चिखलात लपेल, स्वाराची बसायची ढब कशी लपेल, असं ते म्हणायचे. कोण कोपर बाहेर काढतो, कोण पाठीतून वाकतो, कोण लगाम आखूड धरतो, हे त्यांना सावलीवरून कळे. स्वार ओळखला की घोडा आपोआप ओळखला, कारण मोठ्या शर्यतीच्या तोंडावर ज्याची घोडी त्यानंच फिरवायची, असा तिथला रिवाज.

त्या सकाळी एकाच ट्रेनरच्या दोन घोड्या आल्या. दोन्ही तांबूस, दोन्ही डर्बीत उतरणाऱ्या. ‘डेक्कन डचेस’ ही सगळ्यांची लाडकी, तिच्यावर संतोष. दुसरी ‘सदाफुली’, तिच्यावर भाग्यश्री. ही हडपसरच्या एका टेम्पोवाल्याची मुलगी, सात वर्षं घोड्यावर बसत होती आणि पहिल्यांदाच डर्बीत बसणार होती. मंगळवारच्या अंकात छापून आलं :

‘डेक्कन डचेस (संतोष) : सदतीस सेकंद. बाकीच्यांनी सरळ घरी राहावं.’

‘सदाफुली (भाग्यश्री) : बेचाळीस सेकंद. घोडी ठीक, हात कमी.’

त्या दिवशी टपरीवर हा दुसरा शेरा फार चालला. इम्तियाजभाई दोन चहा फुकट प्यायले.

बुधवारी सकाळी ते स्कूटरला किक मारत होते, तोच भाग्यश्री समोर येऊन उभी राहिली. डोक्यावरचं हेल्मेट काढलेलं नव्हतं. बूट चिखलानं भरलेले.

“चाचा, रविवारी मी सदाफुलीवर नव्हते.”

“पोरी,” इम्तियाजभाई हसले, “मी चौतीस वर्षं या कट्ट्यावर उभा आहे.”

“असाल हो! पण मी कुठल्या घोडीवर बसले होते, ते मला माहीत असणार की तुम्हाला?”

इम्तियाजभाईंनी किक मारायला उचललेला पाय खाली ठेवला.

तिनं भराभरा सांगितलं. ट्रेनरसाहेबांनी रविवारी ऐन वेळी दोघांची अदलाबदल केली होती. सदाफुलीत किती दम आहे, ते त्यांना संतोषसारख्या जुन्या माणसाकडून जोखून घ्यायचं होतं. डचेसचे फक्त पाय मोकळे करायचे होते, म्हणून ती भाग्यश्रीकडे दिली आणि बजावलं, हिला अजिबात पळवायची नाही. म्हणजे सदतीस सेकंद सदाफुलीचे. बेचाळीस डचेसचे, तेही सांगून सवरून. सदाफुलीचा मागचा एक पाय पांढरा आहे, एरवी त्यावरून कोणीही ओळखलं असतं, पण तो त्या दिवशी चिखलात माखला होता.

“मग ट्रेनरसाहेबांनी सदाफुलीच्या मालकांना सांगायचं.”

“सांगितलं ना! मालक म्हणतात, तुम्हीच या मुलीला बसवलीत, तुम्ही सारवासारव करणारच. संतोषदादाला तोंड उघडायची सोय नाही, तबेल्यातलं बाहेर बोलायचं नाही असा साहेबांचा नियम आहे. आणि मालकांना छापलेलंच खरं वाटतं. तुमची ओळ त्यांनी कापून फोनवर स्टेटसला ठेवलीये, चाचा. माझ्या जागी बसवायला बंगलोरच्या जॉकीशी बोलणं झालंय. शुक्रवारी अकराच्या आत स्वारांची नावं द्यायची.” तिचा आवाज इथवर नीट होता. मग म्हणाली, “आता काढलं ना, तर पुन्हा कोणी मला डर्बीला बसवणार नाही. डर्बीच काय, साध्या शर्यतीलाही मालक म्हणतील, हिचे हात कमी आहेत.”

“बघतो,” इम्तियाजभाई म्हणाले आणि स्कूटर सुरू करून निघाले. मनात त्यांनी आधीच ठरवलं होतं की पोरगी जागा वाचवायला काहीही सांगतेय.

घरी त्यांनी वही काढली. छापायला जेवढं देत, त्याच्या तिप्पट ते वहीत लिहीत. हा कारखान्यातला शिरस्ता. रविवारचं पान उघडलं. ‘भाग्यश्री, बेचाळीस’ या ओळीपुढे त्यांच्याच बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘शेवटी शेपटी गोल फिरवते.’

शेपटी कोण फिरवतं? त्यांनी मागची पानं चाळली. जुलै, डेक्कन डचेस, शेपटी फिरवते. ऑगस्ट, डेक्कन डचेस, शेपटी. गेल्या वर्षीच्या वहीत, डचेस दोन वर्षांची असतानाही, शेपटी. सदाफुलीच्या नावापुढे मात्र तीन महिन्यांत एकदाही शेपटीचा उल्लेख नव्हता.

अख्तरबानू चहा घेऊन आल्या, तेव्हा नवरा वही मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत बसलेला. “काय झालं? तब्येत ठीक आहे ना?”

“मी चुकलो,” इम्तियाजभाई म्हणाले.

अख्तरबानूंनी कप खाली ठेवला आणि आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. अडतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. सगळी हकीकत ऐकल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “मग इथे काय बसलात? जा की.”

सदाफुलीचे मालक वैजनाथशेठ यांचं वाघोलीला नगर रस्त्यावर ट्रॅक्टरचं मोठं दुकान. दुपारी इम्तियाजभाई तिथे पोचले, तेव्हा शेठनी उठून त्यांना खुर्ची दिली आणि कोल्ड्रिंक मागवलं. त्या आदरानं इम्तियाजभाईंना आणखी ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी कोल्ड्रिंकला हात न लावता घडलेलं सगळं सांगून टाकलं. वही दाखवली. शेपटीच्या ओळींवर बोट ठेवून दाखवलं.

वैजनाथशेठनी वही नीट पाहिली. “भाई, मला घोड्यातलं काय बी कळत न्हाई. माझ्या बापानं बैल पाळले, मी घोडी पाळली. पर तुमचं लिवलेलं मी कधी चुकवत न्हाई. तुमी लिवलं हात कमी, मी म्हनलं, हात बदला. आता तुमीच म्हनताय चुकलं. त्या पोरीनं पाठवलं व्हय तुमाला?”

“ती भेटली होती. पण आलो मी आपणहून.”

“ट्रेनर सांगतो, पोरगी सांगते, आता तुमी. सगळ्यांचं एकच गाणं. मला कसं समजावं, की पोरीची दया येऊन बोलत न्हाई तुमी?” शेठनी खुर्ची पुढे ओढली. “असं करा. तुमचं चुकलं ते छापा. आन उद्याच्या अंकात डर्बीतले घोडे तुमी वरून खाली लावताच की न्हाई? त्यात सदाफुलीला पैली लावा. तुमी तिला पैली लावली, तर मी समजंन तुमाला मनातनं वाटतंय. पोरगीच बसंल मग. शबूद देतो.”

आता हे मागणं वरवर किती सोपं! पेपरात एक नाव दोन ओळी वर चढवायचं. त्यात कोणाचं नुकसान नाही, पोरीचं आयुष्य मार्गी लागतं आणि चूक आपली असल्यामुळे भरपाईही होते. नगर रस्त्याच्या गर्दीत स्कूटर रेटताना इम्तियाजभाईंनी स्वतःला हे चार वेळा पटवलं. येरवड्याच्या सिग्नलला तर ‘सदाफुली पहिली’ असा निर्णय झालाही होता. पण त्यांना ती रविवारची धाव आठवत राहिली. सदतीस सेकंद होते खरे, पण शेवटच्या शंभर मीटरला घोडीची झेप आखूड पडली होती. डर्बी दोन हजार मीटरची, आणि सदाफुली सोळाशेच्या पुढे कधी धावलेली नव्हती. बंगलोरहून आलेला एक घोडा त्या अंतरावर दोनदा जिंकला होता. डचेस तर डचेसच होती. ज्याला खरं दिसतं, त्यानं ते न दिसल्यासारखं करायचं म्हणजे फार जड काम असतं.

‘टाप’चं ऑफिस बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. संपादक शर्मिलाताई चष्मा कपाळावर ढकलून मुद्रितं वाचत होत्या. इम्तियाजभाईंचं बोलणं त्यांनी मान वर न करता ऐकलं.

“चौतीस वर्षांत पहिली चूक,” त्या म्हणाल्या. “म्हणजे आम्हाला कळलेली पहिली. बरं. चार ओळी आतल्या पानावर टाकते. मूळव्याधीच्या जाहिरातीखाली जागा आहे.”

“पहिल्या पानावर. वर. चौकटीत. शेरा जेवढ्या टायपात होता, तेवढ्याच टायपात. आणि माझं नाव.”

आता शर्मिलाताईंनी मान वर केली. “इम्तियाजभाई, आपण काय म्हणताय ते कळतंय ना? उद्या प्रत्येक जण विचारेल, बाकीचे आकडे तरी यांनी नीट पाहून लिहिले होते का? हंगाम संपायला दीड महिना आहे अजून.”

“विचारू देत.”

“टपरीवर तुम्हाला चहा पिणं मुश्कील करतील.”

“तसाही तो फार गोड असतो,” इम्तियाजभाई म्हणाले.

शर्मिलाताईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पेन उघडलं. “सांगा.”

इम्तियाजभाईंनी उभ्या उभ्या मजकूर सांगितला. रविवारी मी घोडी पाहिली नाही, स्वार पाहिला. सदतीस सेकंद सदाफुलीचे. भाग्यश्रीच्या हातांबद्दल मी लिहिलं ते चूक होतं. तिला सावकाश जायला सांगितलं होतं आणि चिखलात, ताकदवान घोडीला तिनं अगदी तंतोतंत सावकाश ठेवलं. हे पळवण्यापेक्षा अवघड असतं. तिची मी माफी मागतो.

“आणि डर्बीचा क्रम?”

इम्तियाजभाईंनी वहीतलं रविवारचं पान पुन्हा उघडलं. खालच्या दुकानात कोणीतरी नवा स्पीकर लावून बघत होतं, त्यामुळे जमीन हादरत होती. शर्मिलाताईंना वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं.

“पहिली डचेस,” ते म्हणाले. “दुसरा बंगलोरचा. तिसरी सदाफुली.”

जिन्याच्या अर्ध्यावरून ते परत वर जायला वळले, मग खालीच उतरले. आपण एका पोरीचं दुसऱ्यांदा नुकसान केलं, असं त्यांना वाटत होतं.

गुरुवारी संध्याकाळी अंक बाहेर पडला आणि तासाभरात भाग्यश्रीचा फोन आला. माफीबद्दल ती काही बोललीच नाही. “तिसरी, चाचा? शेठनी तुम्हाला काय सांगितलं होतं, ते ट्रेनरसाहेबांनी मला सांगितलं. एक नाव वर घ्यायचं होतं फक्त!”

“शेवटच्या शंभरात ती आखडते, बेटा. मला दिसलं.”

“मला नाही का माहीत ती आखडते ते? मी तिला तीन महिने फिरवतेय!” आणि तिनं फोन ठेवला. इम्तियाजभाई त्या रात्री जेवले नाहीत. अख्तरबानूंनीही फार आग्रह केला नाही.

शुक्रवारी पहाटे ते कट्ट्यावर गेले ते मनाची तयारी करूनच. पहिलाच घोडा समोरून गेला आणि वरचा स्वार ओरडला, “चाचा, मी वरद! खाली घोडाच आहे!” दुसरा ओरडला. तिसरा तर घोड्याच्या सात पिढ्यांची नावं घेत गेला. अख्खं मैदान हसत होतं. इम्तियाजभाई मान खाली घालून प्रत्येक आकडा लिहीत राहिले. त्या दिवशी मात्र त्यांच्या गळ्यात दुर्बीण होती, शेजारच्या घड्याळवाल्याकडून मागून घेतलेली. संतोष जाताना ओरडला नाही. त्यानं नुसती मान लववली. भाग्यश्री सरावाला आलीच नव्हती.

दहा वाजले, साडेदहा वाजले. बाकीचे घड्याळवाले निघून गेले तरी इम्तियाजभाई कट्ट्यावरच बसून होते. अकराला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला.

“भाई, वैजनाथ बोलतोय. वाचलं तुमचं. तिसरी?”

“तिसरी,” इम्तियाजभाई म्हणाले. “शेठ, मला दुसरं काही लिहिता आलं नाही. पण त्याची शिक्षा पोरीला...”

“आवं, ऐका तर! तुमी दयेपोटी बोलत असता, तर पैली लावली असती. काय जातं तुमचं? मी तर सांगूनच ठेवलं हुतं. तरीबी तिसरी लिवली. म्हंजी वरच्या चौकटीतलं बी खरंच असनार.” पलीकडे शेठ कोणाला तरी काहीतरी म्हणाले, मग परत फोनवर आले. “पोरीचं नाव दिलंय आत्ताच. ही हितं माझ्यासमोर उभी हाय, रडतीया. घोड्यावर बसनारी मानसं रडत्यात व्हय?”

इम्तियाजभाईंचा जीव भांड्यात पडला. रडतात, एवढंच सांगून त्यांनी फोन बंद केला.

रविवारी पाऊस नव्हता. स्टँडवर पाय ठेवायला जागा नाही, टोप्या घातलेल्या बायका, घामाघूम झालेले बापे, आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी गुंडाळी केलेली. शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकमध्ये सदाफुली फिरत होती, मागचा पाय धुऊन पांढराशुभ्र केलेला. इम्तियाजभाईंना पाहून भाग्यश्रीनं ओळखही दाखवली नाही. तिचा राग गेला नव्हता. हे त्यांना आवडलं. रागानं बसलेला स्वार शेवटच्या शंभर मीटरला ढिला पडत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

घोडे सुटले. पहिले हजार मीटर भाग्यश्री पाचवी-सहावी, कठड्याला चिकटून, घोडी नुसती निजवल्यासारखी. वैजनाथशेठ इम्तियाजभाईंच्या शेजारी उभे राहून “आता, आता” असं पुटपुटत होते, आणि ती काही केल्या सोडत नव्हती. वळण आलं, तरी नाही. चारशे मीटर राहिले आणि शेठनी डोळे मिटून घेतले. तिनं घोडी सोडली ती अडीचशे मीटरवर. आखडते म्हणून तिनं शेवटच्या शंभरासाठी आधीपासून काटकसर करून ठेवली होती. बंगलोरचा घोडा डोळ्यादेखत मागे पडला. डचेस पुढे, संतोष पाठीतून वाकलेला, आणि सदाफुली तिच्या खोगिराला, मग मानेला. शेवटचा खांब आला तेव्हा दोघींत अर्ध्या मानेचं अंतर होतं.

डेक्कन डचेस पहिली. सदाफुली दुसरी.

वैजनाथशेठना आपण जिंकलो की हरलो हेच क्षणभर कळेना. कळल्यावर त्यांनी इम्तियाजभाईंना कडकडून मिठी मारली आणि ट्रेनरच्या नावानं बोंब ठोकली, “सायेब! म्हमईच्या डर्बीला बी हीच पोरगी! ऐकलं का? हीच!”

घोड्या परतत होत्या. भाग्यश्री कपाळापासून गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेली होती, दात तेवढे दिसत होते. कठड्याशी तिनं घोडी थांबवली, रिकिबीत उभी राहिली आणि गुरुवारपासून पोटात धरून ठेवलेलं सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडली, “चाचा! एका नंबरानं चुकलात!”

इम्तियाजभाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्यांना ते पुसायचंही सुचत नव्हतं. इतका आनंद त्यांना कुठल्याही बरोबर ठरलेल्या आकड्यानं कधी दिला नव्हता.

“चुकलो, बेटा!” ते ओरडले. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली, तरी त्यांनी दोन्ही हात वर केले आणि आणखी मोठ्यानं ओरडले, “साफ चुकलो!”